पाचपाखाडीचा बंड्या : साडेअडतीस किलो, चार पाकिटं आणि एक स्टीलचा पेला

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्या वहिनी मोबाइलमध्ये चार पाकिटांचे फोटो घेऊन आल्या. "काका, तुम्ही खाद्याच्या कारखान्यात होतात ना? मग यातलं बंड्याला कुठलं घेऊ, तेवढं सांगा." कारखाना कोंबडीखाद्याचा होता आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. पोती यायची, आम्ही नमुना घ्यायचो, ओलावा-प्रथिनं-चरबी-तंतू-राख असे पाच आकडे काढायचो आणि गोदामाला माल उतरवा किंवा परत धाडा असं कळवायचो. कुत्र्याचं खाद्य कधी हाताखालून गेलं नव्हतं. पण आकडे तेच, एवढ्या भांडवलावर मी "बघू" म्हणालो. पुढचे सात महिने वहीत नोंदी ठेवल्या, त्यांतून हे लिहितो आहे.

बंड्या पिवळा लॅब्राडोर, नर, वय साडेपाच. दुसऱ्या वर्षी नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. घर ठाण्यात पाचपाखाडीला, तिसरा मजला. घरात आजी, दादा (ऐरोलीला नोकरी, सकाळी आठला बाहेर), वहिनी नौपाड्यातल्या बँकेत आणि मुलगी कॉलेजात. स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी. बंड्याचं फिरणं म्हणजे सकाळ-रात्र पंधरा मिनिटं, आणि पावसाळ्यात तेही पार्किंगमध्ये खांबाखांबाला सलामी देऊन परत.

तक्रारी तीन होत्या. वजन वाढलंय, कान सारखा खाजवतो, शी कधी घट्ट तर कधी पातळ. निदानं मात्र माणसागणिक तयार. मुलगी म्हणे सगळा दोष धान्याचा, 'ग्रेन-फ्री' आणा. दादा म्हणे इतकी वर्षं हेच खातोय, मग आताच काय झालं? आजींचं म्हणणं, पाकिटातलं हवंच कशाला, घरात पोळ्या होत नाहीत का? वहिनींना पेट शॉपवाल्याने वजन कमी करण्याचं वेगळं खाद्य दाखवलं होतं. फोटो चार झाले ते असे.

मी म्हणालो, आधी डॉक्टर.

डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवलं तेव्हा आकडा ३८.५ आला. मग त्यांनी वहिनींचा हात धरून बंड्याच्या बरगड्यांवर ठेवला. "लागतात का हाताला?" दाबल्यावर लागत होत्या, नुसत्या हात फिरवून नाही. वरून पाहिलं तर कंबर नव्हतीच, नळकांडं होतं. शरीराची ठेवण नऊ गुणांच्या पट्टीवर मोजतात; चार-पाच म्हणजे उत्तम, बंड्याला मिळाले सात. पाचाच्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण दहा ते पंधरा टक्के जादा वजन. त्याच्या हाडापेराला ३२ किलो योग्य, असं डॉक्टरांनी ठरवलं. थायरॉइड मंदावलं की कुत्री अशीच फुगतात, म्हणून रक्त तपासलं. ते ठीक निघालं. कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. शिवाय कानामागे दोन गोचिड्या. ठाण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत लोंबत्या कानाच्या कुत्र्याला हे व्हायचंच.

मुलीने तिथेच विचारलं, "पण हे गव्हाच्या ॲलर्जीमुळे नसेल कशावरून?"

डॉक्टर म्हणाले, "असेलही. पण आधी गोचिड्या घालवू, कान बरा करू, मग खाद्याकडे संशयाने बघू. दोन्ही एकदम केलंत तर फरक कशाने पडला हे कुणालाच कळणार नाही."

प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला याहून गोड वाक्य ऐकायला मिळत नाही. धान्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, की २०१६ साली कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा सर्वांत वर गोमांस निघालं, मग दूधदुभतं, मग चिकन आणि त्यानंतर गहू. दूधदुभतं दुसरं आहे हे ऐकून वहिनींनी आजींकडे पाहिलं. आजी खिडकीबाहेर पाहू लागल्या.

घरी आल्यावर मी पाकिटांना हात लावला नाही. आठवडाभर बंड्याच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं, एवढंच सांगितलं. दादाने जांभळी नाक्यावरून ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला. घरात माप होतं एक स्टीलचा पेला; सकाळी दोन, रात्री दोन. सकाळचे पेले वहिनी भरत, सपाट. एकात ७५ ग्रॅम बसत. रात्रीचे दादा भरायचा, दमून आलेल्या माणसाच्या उदार हाताने. तेच पेले ९५ ग्रॅमचे होत. दोघेही शपथेवर सांगत होते, की आपण सारखंच घालतो. दिवसाला ३४० ग्रॅम.

वरच्या खाण्याची यादी फ्रिजवर चिकटवली होती. आजींच्या दोन पोळ्या तूप लावून, साधारण २७० किलोकॅलरी. म्हशीचं दूध दीडशे मिलिलिटर, जवळजवळ १५०. ग्लुकोज बिस्किटं आठ. पाच खालचा वॉचमन द्यायचा, तीन मुलगी अभ्यास करताना. एक बिस्कीट वीसेक किलोकॅलरीचं, म्हणजे १६०. दात स्वच्छ व्हावेत म्हणून रोज एक चघळायची काडी, ती ७५. बेरीज ६५५.

ही बेरीज पाहून घरात जरा वेळ कुणी बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "दोन पोळ्या म्हणजे काय खाणं झालं का रे?"

आता गरजेचा हिशेब. पशुवैद्य वापरतात ते सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं: किलोतलं वजन तीनदा स्वतःशीच गुणायचं, उत्तराचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि ७० ने गुणायचं. ३२ गुणिले ३२ गुणिले ३२ म्हणजे ३२,७६८. वर्गमूळ १८१, पुन्हा वर्गमूळ १३.४५, गुणिले ७० म्हणजे ९४२ किलोकॅलरी. कुत्रा नुसता पडून राहिला तरी एवढं लागतं. नसबंदी झालेल्या, सर्वसाधारण हालचालीच्या प्रौढ कुत्र्यासाठी याची १.६ पट धरतात. बंड्याचं त्या वेळचं वजन घालून केलं तर १,०८२ ची १.६ पट, म्हणजे १,७३१. जुन्या खाद्याच्या ३४० ग्रॅममधून येत होत्या १,०८८, त्यात वरच्या ६५५, एकूण १,७४३. हिशेब बारा किलोकॅलरीच्या आत जुळला. हे मी नशिबाच्या खात्यावर टाकतो, कारण एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी असू शकते. पण चित्र स्पष्ट झालं. साडेअडतीस किलोचा कुत्रा साडेअडतीस किलोचाच राहील इतकं त्याला रोज मिळत होतं, आणि त्यातलं ३८ टक्के पाकिटाबाहेरचं होतं. खाऊ दहा टक्क्यांच्या आत ठेवा, असं पशुवैद्य सांगतात.

म्हणजे ज्या पाकिटावरून घरात वाद चालला होता, ते मूळ गुन्हेगारच नव्हतं.

इथे माझी एक चूक झाली, ती लिहायलाच हवी. मी सुटसुटीत तोडगा काढला: खाद्य बदलू नका, जुनंच कमी करा. उतरवायचं वजन, म्हणून ३२ किलोच्या हिशेबाने ९४० किलोकॅलरी, त्यात ९० खाऊसाठी, उरलेल्या ८५० म्हणजे जुन्या खाद्याचे २६६ ग्रॅम. झालं काम! कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पाकिटावरचा तक्ता काढून माझ्यापुढे धरला. ३५ ते ४० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ४५० ग्रॅम, असं तिथे छापलं होतं. "यातलं जस्त, तांबं, जीवनसत्त्वं या ४५० ग्रॅममध्ये वाटलेली आहेत. तुम्ही देणार २६६. बाकीचं कुठून आणणार?"

मला लाज वाटली, कारण हेच मी कोंबड्यांसाठी आयुष्यभर केलं होतं. उन्हाळ्यात पक्षी कमी खातो, म्हणून त्याच पोत्यात प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण) आणि प्रथिनं वाढवायची. पोटात जाणाऱ्या घासावर डोस ठरतो, पोत्यावर नाही. पण आमच्या धंद्यात सगळं पक्षी लवकर भरावा म्हणून चालतं. उलट्या दिशेने विचार करायची डोक्याला सवयच नव्हती.

मग चार पाकिटं टेबलावर आली.

आधी एक गोष्ट, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाकिटामागच्या तक्त्यात प्रथिनं आणि चरबीपुढे 'किमान' लिहिलेलं असतं, तंतू आणि ओलाव्यापुढे 'कमाल'. चरबी किमान १० म्हणजे १० असेल नाहीतर १३ असेल, दोन्ही खरंच. आणि चरबीच्या एका ग्रॅममध्ये प्रथिनं किंवा पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. म्हणून दर १०० ग्रॅमला किती किलोकॅलरी, हा आकडा छापलेला असेल तर उत्तम. नसेल तर काढावा लागतो: प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख शंभरातून वजा करा, उरलं ते पिष्ट. मग प्रथिनांना आणि पिष्टाला ३.५ ने, चरबीला ८.५ ने गुणा. राख पाकिटावर नसली तर मी ८ धरतो. आजींनी हे ऐकून डोळे मोठे केले. "राख? कुत्र्याला राख घालतात?" राख म्हणजे नमुना भट्टीत जाळल्यावर मागे उरणारी खनिजं, कॅल्शियम-फॉस्फरस वगैरे, हे समजावेपर्यंत चहा निवला.

पहिलं पाकीट जुनंच, दादाच्या पसंतीचं. प्रथिनं २०, चरबी १०, तंतू ५, ओलावा १०. हिशेबाने ३२० किलोकॅलरी. घटकांत पहिलं नाव 'तृणधान्यं आणि त्यांचे उपपदार्थ'. हे वाचून मुलीने नाक मुरडलं, पण मी या पाकिटाची बाजू घेतली. अमेरिकेतली आफको ही संस्था प्रौढ कुत्र्यासाठी जी किमान पातळी सांगते ती ओलावा वगळून १८ टक्के प्रथिनं आणि साडेपाच टक्के चरबी. या पाकिटातली प्रथिनं ओलावा काढल्यावर २२ होतात. सडपातळ, भरपूर धावणाऱ्या कुत्र्याचं यावर बरं चालतं. ऊर्जेचा आकडा मात्र छापलेला नव्हता, आणि 'उपपदार्थ' म्हणजे नक्की काय, हे दर खेपेला तेच असेल याची खात्री नव्हती. मक्याचा भाव चढला की कोंडा वाढतो. हे मी दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे.

दुसरं मुलीचं, ग्रेन-फ्री, परदेशी. प्रथिनं ३४, चरबी १८, तंतू ४, ओलावा ९. राख त्यांनी ९ छापली होती. ३६३ किलोकॅलरी. पुढे ताज्या चिकनचं चित्र आणि घटकांतही 'ताजं चिकन' पहिलं. ही यादी कारखान्यात घालतानाच्या वजनाप्रमाणे लावतात. ताज्या चिकनमध्ये सत्तरेक टक्के पाणी. ते उडाल्यावर त्याचा नंबर बराच खाली जातो. त्याच्यामागे वाटाणा, मसूर, वाटाण्याचं प्रथिन अशी एकाच कुळातली तीन नावं वेगवेगळी लिहिलेली. बेरीज केली तर बहुधा तीच पहिली येतील. आणि धान्य नाही म्हणजे पीठ नाही असं नव्हे. दाणा तयार होतो एक्सट्रूडरमध्ये. मिश्रण वाफेवर, दाबाखाली शिजतं, साच्यातून बाहेर पडताना फुगतं. त्याला बांधून धरायला पिष्ट लागतंच. गहू-तांदूळ नसेल तर वाटाणा, बटाटा. मुरमुऱ्यात तांदूळ नको म्हणण्यासारखं आहे ते.

"पण कुत्रा लांडग्याचा वंशज ना?" मुलगी म्हणाली. आहे, पण २०१३ साली जनुकांचा अभ्यास झाला त्यात दिसलं, की पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उकिरड्याशी राहून राहून त्याने भाकरी पचवायला शिकून घेतलं. शिवाय जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने ग्रेन-फ्री, कडधान्यं जास्त असलेल्या खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयाचे स्नायू ताणून पातळ होण्याच्या आजाराचा काही संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली. डिसेंबर २०२२ मध्ये, ठोस नवी माहिती आल्याशिवाय आता आणखी काही कळवणार नाही, असं सांगून ते थांबले. दोष सिद्ध झाला नाही. पण ज्या कुत्र्याला धान्याचा त्रास असल्याचा पुरावाच नाही, त्याच्यासाठी किलोला अकराशे रुपये मोजून ही शंका विकत का घ्या? आणि बंड्याला सगळ्यांत नको होती ती ऊर्जा यातच सर्वांत दाट.

तिसरं, मोठ्या जातीच्या प्रौढ कुत्र्यांसाठीचं, चिकन मील आणि तांदूळ. त्याच क्रमाने २६, १२, ४, १०. सुमारे ३३५ किलोकॅलरी. 'मील' म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. ते शिजवून, चरबी आणि पाणी काढून केलेलं कोरडं पीठ असतं. किलोला ताज्या चिकनहून त्यात प्रथिनं पुष्कळ जास्त. चांगलं मील आणि वाईट मील असतं, हे खरं, पण पाकिटावरून ते कळत नाही. प्रथिनांचा आकडाही एकटा भरवशाचा नाही, कारण प्रयोगशाळेत आपण नायट्रोजन मोजतो आणि ६.२५ ने गुणतो. तो नायट्रोजन कुठून आला हे परीक्षानळी विचारत नाही. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन निघालं, ते याच फटीतून शिरलं होतं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून ते घातलेलं, आणि जनावरांची मूत्रपिंडं गेली.

म्हणून वहिनींकडून चारही कंपन्यांना तेच चार प्रश्न पाठवले: १०० ग्रॅमला किलोकॅलरी किती, खाद्याची रचना कोण करतं, पशुपोषण शिकलेला माणूस नोकरीत आहे का, आणि प्रत्येक खेपेची तपासणी होते का. दोघांचं सविस्तर उत्तर आलं, तिसऱ्या आणि चौथ्या पाकिटाचं. एकाने काही कळवलंच नाही. एकाने गोंडस पिल्लाचा फोटो आणि दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं.

चौथं पाकीट, वजन उतरवण्याचं. २८, ९, ९, १०, राख ७. किलोकॅलरी ३०४. पेट शॉपवाला आपला माल खपवतोय, असं मला आधी वाटलं होतं. पण दर हजार किलोकॅलरीला किती प्रथिनं, असं मांडलं तेव्हा मत बदललं. पहिल्या पाकिटात ६२ ग्रॅम, तिसऱ्यात ७८, चौथ्यात ९२. कमी ऊर्जेत जास्त प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतो. दुसऱ्या पाकिटातही ९४ होती. पण ८५० किलोकॅलरी त्याच्या २३४ ग्रॅममध्येच संपत होत्या आणि चौथ्याचे २८० ग्रॅम मिळत होते. ताटातल्या या अर्ध्याहून जास्त पेल्याची किंमत खादाड कुत्र्याच्या घरात राहणाऱ्यालाच कळेल.

आणि लॅब्राडोर खादाड का, यालाही कारण आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं, की जवळजवळ पाव लॅब्राडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्यासाठी जास्त हपापलेली, सरासरीने जास्त वजनाची असतात. बंड्याची जनुकं कुणी तपासलेली नाहीत. पण आजींना हे सांगितल्याचा उपयोग झाला. 'तो बघतो रे कसा' हे त्यांचं सर्वांत मोठं हत्यार होतं. बघतो म्हणजे भुकेला आहेच असं नाही, हे त्यांना आता पटलं नाही तरी ऐकून तरी घेता आलं. अमेरिकेतल्या एका खाद्य-कंपनीचा जुना अभ्यासही मी सांगितला: ४८ लॅब्राडोर, जोड्या लावलेल्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्याच्या पाऊणपटच खायला. २००२ मध्ये निष्कर्ष छापले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. खाद्य विकणाऱ्याने कमी घाला म्हणावं, यातच त्याचं वजन आहे. आजी म्हणाल्या, "दोन वर्षं?" आणि त्या दिवसापासून दूध बंद झालं.

चौथं पाकीट ठरलं. वजन उतरेपर्यंतच, पुढे तिसरं. दादाने खर्च मांडला. जुनं किलोला २३० रुपये, दिवसाला ७८. नवं साडेसातशे, २८० ग्रॅमचे २१०. हा फरक लहान नाही, आणि 'तब्येतीपुढे पैसा काय' असं म्हणणं मला आवडत नाही. ज्याला परवडत नाही त्याने तिसऱ्या पाकिटाचे अडीचशे ग्रॅम डॉक्टरांना विचारून द्यावेत, दिवसाला १२२ रुपयांत भागतं. दादाने काड्या, बिस्किटं आणि दूध वजा करून पाहिलं, पुटपुटत हो म्हणाला.

साठवणुकीचा प्रश्न मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा, आणि नेमका तोच कुणी विचारला नव्हता. जुनं खाद्य दुकानातून सुटं यायचं, पिशवीत बांधून. तारीख नाही, बॅच नाही, पोतं किती दिवस उघडं होतं पत्ता नाही. मांस असलेली वस्तू स्वयंपाकघरात नको म्हणून ती पिशवी राहायची बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली. मी त्यातले मूठभर दाणे हातात घेतले. कडकपणा गेलेला, आणि जुन्या तेलाचा वास. दाणा शिजून वाळल्यावर त्याच्यावर चरबी फवारतात. कुत्र्याला वेड लावतो तो वास तिचाच, आणि हवा-उष्णता लागली की खवट होते तीही तीच. दाण्यात ओलावा दहा टक्के असतो तोवर बुरशी धरत नाही. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडा दाणा पाणी ओढून घेतो. मक्यावरच्या बुरशीतून अफलाटॉक्सिन येतं, ते यकृत खातं, आणि उन्हात घालून किंवा भाजून पुरतं जात नाही. बाजारच्या बंद पाकिटातही ते सापडलेलं आहे. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याने कुत्री मेली. शीच्या तक्रारीचं कारण हेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण ते दाणे मी कोंबडीलाही घातले नसते.

आजींशी तह झाला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पत्र्याचा जुना पिठाचा डबा, त्यात पाकीट तसंच, तोंड दुमडून चिमटा लावून. दाणे डब्यात ओतायचे नाहीत. डब्याच्या कडांना चरबी चिकटून खवटते आणि बॅच नंबरही कचऱ्यात जातो. बारा किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण २८० ग्रॅमच्या हिशेबाने ते त्रेचाळीस दिवस उघडं राहणार. पावसाळ्यात म्हणून तीन किलोचंच, दहा-अकरा दिवसांत संपणारं, दिवाळीनंतर मोठं.

खाद्य आठ दिवसांत बदललं, दर दोन दिवसांनी पाव हिस्सा नवं वाढवत. वाटणीची युक्ती वहिनींची. रोज सकाळी २८० ग्रॅम एकदाच मोजायचे, त्यातले तीस एका डबीत घालून वॉचमनच्या हवाली. त्याला बंड्याला काहीतरी द्यायचं असतं, बिस्कीटच द्यायचं असतं असं नाही. खाऊचे ९० किलोकॅलरी आजींच्या ताब्यात: उकडलेला दुधी, गाजर, काकडी, क्वचित पोळीचा चतकोर. बजेट हातात आल्यावर आजी इतक्या कडक झाल्या की दादालाही त्यातून काही मिळेना.

वजन दर दुसऱ्या रविवारी. दवाखाना बंद असला की कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर, तो पैसे घेत नव्हता, फक्त "रद्दीचा भाव लावू का?" असं दर वेळी विचारायचा. ३८.५, ३८, ३७.४. मग गणपती आले आणि ३७.७. पाहुण्यांपैकी कुणीतरी कौतुकाने दोन मोदक भरवले होते. वजनाचं सोडा, सारणात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. मुलीला ते माहीत होतं, हे नशीब. तासाभरात डॉक्टरांकडे नेऊन त्याला उलटी करवली, दोन दिवसांनी रक्त तपासलं, निभावलं. त्यानंतर आरतीच्या वेळी बंड्या आतल्या खोलीत.

नोव्हेंबरात आकडा ३५.८ वर महिनाभर अडून बसला. मी खाद्य दहा टक्क्यांनी कमी करायचा कागद तयार केला. डॉक्टर म्हणाले, आधी गळती शोधा. मुलीने दोन दिवस रात्रीच्या फेरीत दादाच्या मागे चालून ती शोधली: गेटजवळचा इस्त्रीवाला रोज दोन खारी द्यायचा. दादाला माहीत होतं. "खारी हलकी असते," असा त्याचा बचाव. पापुद्र्यांत काय असतं हे त्याला मी सांगितलं नाही, आजींनी सांगितलं. इस्त्रीवाल्याकडेही एक डबी गेली, कागद मी फाडला.

फिरणंही वाढलं, रोज कचराळी तलावाच्या बाहेरून एक फेरी, रविवारी उपवन. त्याचा वाटा किती ते मला वेगळं काढता येत नाही, पण जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसून राहणं थांबलं ते डिसेंबरात.

फेब्रुवारीअखेर ३३.४. सव्वीस आठवड्यांत ५.१ किलो, आठवड्याला अर्धा टक्का. पुस्तकातली अपेक्षा एक ते दोन टक्क्यांची, पण डॉक्टर खूश होते, कारण बरगड्या हलक्या हाताला लागत होत्या आणि मांड्यांचा भरणा गेला नव्हता. गुण पाचाच्या आसपास. मार्चमध्ये तिसऱ्या पाकिटाला सुरुवात केली, ३१० ग्रॅमपासून. हा आकडा सूत्रातून कमी आणि अंदाजातून जास्त आलेला आहे. दोन महिने वजन पाहून तो वर-खाली होईल.

शी सुधारली, पण ती नव्या खाद्याने, ताज्या खाद्याने की दूध बंद केल्याने, हे सांगणं कठीण. सगळं एकदम बदललं ना आम्ही! कान औषधाने तीन आठवड्यांत बरा झाला आणि कोरड्या हवेत बराच राहिला. त्यामुळे ॲलर्जीच्या प्रश्नाला अजून 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. येत्या जुलैत गोचिड्यांचं औषध वेळेवर देऊनही कान पुन्हा पेटला, तर मग आठ आठवडे एकाच ठरावीक खाद्यावर ठेवून पाहायचं, त्या काळात दुसरा एक कणही नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. वॉचमनची डबी बंद, इस्त्रीवाल्याची बंद.

"आणि दुधी?" आजींनी विचारलं.

"तोही नाही."

"आठ आठवडे म्हणजे श्रावणात येईल ते," त्या म्हणाल्या आणि कॅलेंडर उलटून तारीख बघू लागल्या.